संप मिटेपर्यंत

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. सीसीटीव्हीच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला, त्यामुळे तिरका आणि धुरकट. वरच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती, 3 वाजून 17 मिनिटं. गेटजवळची केबिन, केबिनमध्ये प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीत आमचे रात्रपाळीचे मामा. मान उजव्या खांद्यावर पडलेली, टोपी मांडीवर, तोंड किंचित उघडं. खाली एकच ओळ होती, 'याच्यासाठी मेंटेनन्स भरतो का आपण?' मी ऑफिसला निघेपर्यंत त्याखाली 41 मेसेज झाले होते.

मी काही लिहिलं नाही. फोटो मोठा करून बघत राहिलो. ती मान माझ्या ओळखीची होती.

बाबांची मान अशीच पडायची. रात्रपाळी करून सकाळी दहाच्या सुमाराला ते घरी यायचे, आंघोळ करून जेवायला बसायचे आणि चौथ्या-पाचव्या घासाला भिंतीला टेकल्या टेकल्या झोपून जायचे. उजवा हात भातात तसाच. आई त्यांना उठवायची नाही. ताटावर माशी बसू नये म्हणून पदराने वारा घालत समोर बसून राहायची. जाग आली की बाबा ओशाळून हसायचे आणि आई काही न बोलता कालवण गरम करायला उठायची.

माझे बाबा तेवीस वर्षं वॉचमन होते. हे वाक्य मी मोठेपणीही बराच काळ असं सरळ उच्चारत नव्हतो. 'बाबा गिरणीत होते' असं सांगायचो. तेही खरंच होतं.

गिरणीत ते त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. शेकडो चात्या गरगर फिरत असतात, मध्येच एखाद्या चातीवरचा धागा तुटतो, आणि तो मशीन न थांबवता बोटांनी सांधायचा असतो. बाबांच्या बोटांना त्याची इतकी सवय होती की घरी आईच्या सुईत दोरा तेच ओवायचे, दुसरीकडे बघत, गप्पा मारत. अंगाला कापसाचा आणि तेलाचा मिळून एक वास यायचा. पगाराच्या दिवशी तो वास आणि खारी बिस्किटं एकदम घरात यायची.

18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होतो. साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या घरात कामगार आणि पुढारी डॉ. दत्ता सामंत. सुरुवातीचे काही महिने चाळीच्या गॅलरीत दिवसभर पुरुषच पुरुष असायचे, ते दृश्य आम्हा पोरांना नवीन होतं. मग एकेका खोलीला कुलूप लागायला लागलं, माणसं गावाला निघून गेली. आम्हीही गेलो. त्या पावसाळ्यात बाबांनी वेंगुर्ल्याकडच्या आमच्या गावी भात लावला. दिवाळीनंतर मुंबईत परतले, चार-सहा महिने ठिकठिकाणी फिरले, आणि 1983 च्या उन्हाळ्यात एका गाववाल्याने त्यांना पार्ल्याच्या एका इमारतीत लावून दिलं. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, एक गेट.

"संप मिटासर," बाबा आईला म्हणाले. संप मिटेपर्यंत.

संप मिटलाच नाही. तो यशस्वी झाला नाही आणि मागे घेतल्याची रीतसर घोषणाही कधी झाली नाही. काही गिरण्या निम्म्याशिम्म्या माणसांवर सुरू झाल्या, काही तशाच पडून राहिल्या, पुढे कित्येकींच्या जागेवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. 16 जानेवारी 1997 ला डॉक्टरसाहेबांची हत्या झाली, त्या रात्रीही बाबा ड्युटीवर गेले होते. संप मिटेपर्यंत म्हणून धरलेली ती नोकरी 2006 साली सुटली, तीही गुडघ्यांनी हात टेकले म्हणून.

इमारतीने त्यांना खाकी शर्ट-पँटचा एक जोड दिला होता. तो घालून ते घरून कधीच निघाले नाहीत. कापडी पिशवीत घडी करून न्यायचे. करी रोडला गाडी पकडायची, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जायचं, पार्ल्याला उतरून इमारतीच्या मीटरच्या खोलीत कपडे बदलायचे. सकाळी परत घडी आणि पिशवी. चाळीत सगळ्यांना माहीत होतं. चाळीतले निम्मे पुरुष तसलीच पिशवी घेऊन संध्याकाळी जिना उतरत होते. पण पिशवीत काय आहे, हे कुणी कुणाला विचारत नसे. आई तो जोड आतल्या मोरीत धुवायची आणि आतल्याच दोरीवर वाळत घालायची, गॅलरीत नाही.

म्हणून 'माणसं वॉचमन का होतात' हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. उत्तर आमच्या घरातच आतल्या दोरीवर वाळत होतं. प्रश्न पडला तो त्या फोटोने. गिरण्या संपून जमाना झाला. मग आज पुण्याच्या प्रत्येक गेटवर, एटीएमबाहेर, इस्पितळाच्या दारात, अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या वाळूच्या ढिगाजवळ जी माणसं बसलेली दिसतात, ती कुठल्या संपातून आलीत?

मी विचारायला लागलो. आधी मामांना.

मामा बीड जिल्ह्यातले, पाटोद्याकडचे. मी केबिनशी थांबलो तसे ते ताडकन उभे राहिले. त्यांना वाटलं, फोटोवरून चौकशी लागली. तसं काही नाही म्हटल्यावरही बसले नाहीत. "तात्पुरतं हाय साहेब," म्हणाले. "पाऊसपाणी नीट झालं की जायचंच हाय गावाकडं." किती वर्षं झाली म्हणून विचारलं, तर बोटांवर मोजायला लागले. अकरा.

त्याआधी मामांनी आणि मामींनी बावीस हंगाम ऊस तोडला. नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, दिवाळीच्या आगेमागे मुलाबाळांसकट ट्रकमध्ये चढायचं, पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्या तरी कारखान्यावर राहायला कोप, म्हणजे झोपडी टाकायची आणि थंडीत अंधार असतानाच फडात उतरायचं. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. पाच-सहा महिन्यांनी हंगाम संपून पट्टा पडला की हिशेब. उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या हंगामाच्या खात्यावर. मामा मोळीसकट फळीवरून पडले आणि कमरेतून गेले. त्यानंतर कोयता हातात धरता येईना. मेव्हणा पुण्यात एका एजन्सीत होता, त्याने आणलं.

मी विचारलं, "मग ऊसतोडीपेक्षा हे बरं वाटतं का मामा?"

मामांनी थोडा वेळ घेतला. "इथं उचल न्हाई साहेब. महिना भरला की पगार. उशिरा करतील, एखादा दिस कापतील, पर कुणाचं देणं घिऊन झोपत न्हाई मी."

दिवसभर मी या उत्तरापाशी घोटाळत राहिलो. माझ्या गॅलरीतून खाली पाहताना ही नोकरी म्हणजे काहीच जमलं नाही तेव्हा धरायचं काम वाटतं. फडातून पाहिलं तर डोक्यावर पत्रा आहे, टेबलफॅन आहे, ओझं उचलायचं नाही आणि मुकादमाची वही नाही. आणि इथं शिरायला फारसं काही लागतही नाही. भाजीची हातगाडी लावायची तर भांडवल पाहिजे, रिक्षाला परवाना आणि कर्ज, गवंड्याच्या हाताखाली जायचं तर धडधाकट कंबर. गेटवर उभं राहायला आधार कार्ड, दोन फोटो आणि आत आधीपासून असलेला एक मेव्हणा पुरतो. शहरात नवख्या माणसासाठी इतकं उघडं दार दुसरं फारसं नाही.

ताईंचं कारण वेगळं होतं, आणि ते मला कधी सुचलं नसतं.

आईला इस्पितळात ठेवलं होतं तेव्हा तिच्या वॉर्डाच्या दारावर त्या असायच्या. पस्तिशीच्या, केसांचा घट्ट अंबाडा, कमरेला पट्टा, शिट्टीची दोरी खांद्यावर नीट पिळून लावलेली. भेटायची वेळ संपली की भल्या भल्यांना बाहेर काढायच्या, आवाज न चढवता. आठ दिवसांत ओळख झाली. आधी चार घरची धुणीभांडी करायच्या. चार घरचे मिळून पैसे जवळपास एवढेच व्हायचे, आणि काम दुपारी दोनला संपायचं. इथं बारा तास. मी विचारलं, मग बदललंत का?

"तिथं मला सगळी 'अगं' म्हणायची," ताई म्हणाल्या. "माझ्या लेकीएवढी पोरगीसुद्धा. 'अगं बाई, ते राहिलं.' इथं मोठमोठी माणसं विचारतात, 'मॅडम, आत जाऊ का?'"

त्या युनिफॉर्म घरूनच घालून येतात. बसमध्ये त्या चढल्या की बायका सरकून जागा देतात, असं त्यांनी सांगितलं तेव्हा त्यांचा हात आपोआप कॉलरकडे गेला. मला बाबांची कापडी पिशवी आठवली. एकच कापड, पण कुठून निघून तुम्ही त्याच्यात शिरता, यावर ते अंगावर कसं बसतं हे ठरतं. चात्या सांभाळणाऱ्या माणसाला त्या खाकीने खाली उतरवलं होतं. 'अगं' ऐकून ऐकून विटलेल्या बाईला तिने वर घेतलं.

आमच्याकडे दिवसपाळीला एक पोरगा आहे, हिंगोलीकडचा. तो पोलीस भरतीवाला. 1600 मीटर धावणं, 100 मीटर, गोळाफेक आणि मग लेखी. पहाटे पाचला मैदानावर पळून आठला गेटवर हजर होतो. केबिनच्या टेबलावर व्हिजिटरच्या रजिस्टरखाली त्याचं सामान्य ज्ञानाचं पुस्तक असतं. उंचीत बसतो, 165 सेंटिमीटरच्या वर आहे. मागच्या भरतीत लेखीला चार मार्कांनी राहिला. या वर्षी रात्रपाळी मागून घेणार आहे, कारण रात्री दिवा फुकट मिळतो आणि डिलिव्हरीवाले येत नाहीत. त्याला विचारलं तेव्हा उत्तर तेच आलं, "तात्पुरतं आहे सर."

शेजारच्या बँकेच्या दारावरचे हवालदार साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त. एवढ्यांत ते एकटेच 'तात्पुरतं' म्हणाले नाहीत. सैन्यातला शिपाई चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो. पेन्शन असते, पण मुलं शाळेत असतात आणि माणूस अजून ताठ असतो. घरी बसवत नाही म्हणून इथं, असं त्यांनी एका वाक्यात संपवलं.

आणि पलीकडच्या बंगल्यातला नेपाळी वॉचमन. त्याला सगळी गल्ली बहादूर म्हणते, ते त्याचं नाव नाही. तो पश्चिम नेपाळातल्या अछामचा. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इकडे यायला, राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही, म्हणून डोंगरातून उतरून बनबशाची सीमा ओलांडायची आणि गाडीत बसायचं. गावी जाताना तो आपल्या जागी भाच्याला उभा करून जातो. आधी ती जागा त्याच्या काकाची होती. त्या बंगल्याच्या मालकांची पिढी बदलली तशी यांचीही बदलली.

इतक्यांशी बोलल्यावर तो एक शब्द माझ्या कानात बसून राहिला. तात्पुरतं. कुणी पावसाची वाट बघतोय, कुणी भरतीची, कुणी लेकीचं लग्न उरकायची. माझे बाबा संप मिटायची वाट बघत होते. जिथं उभं राहून वाट बघता येते आणि वाट बघण्याचे महिन्याला पैसेही मिळतात, अशी ही जागा आहे, म्हणून माणसं इथं येतात. पण हाच शब्द त्यांच्याविरुद्ध जातो. जो आपण होऊनच म्हणतो की मी फार दिवस नाही, तो आठ तासांची पाळी कशी मागणार? संडासाची किल्ली कशी मागणार? आणि ठेवणाराही मनात म्हणतो, हा आज आहे उद्या नाही, याचं कशाला काही पक्कं करा. दोन्हीकडून तात्पुरतं म्हणता म्हणता तेवीस वर्षं होतात.

राखणीचं काम आपल्याकडे एके काळी अजिबात तात्पुरतं नव्हतं. गावगाड्यात वेसकर होता, जागल्या होता, रामोशी होता. चोरी झाली तर रामोशाने माग काढायचा, पावलं दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवायची, नाही दाखवता आली तर नुकसान भरून द्यायचं. त्या जबाबदारीपोटी त्याला हक्क होते, बलुतं होतं, कुठे जमीन होती. उमाजी नाईकांच्या घराण्याकडे पुरंदर किल्ल्याची राखण होती. ते हक्क गेले आणि त्यातून जो उठाव झाला त्याचा शेवट 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात उमाजींच्या फाशीने झाला. राखणदाराची भाकर काढून घेतली की काय होतं, हे या शहराने एकदा पाहिलेलं आहे.

पण त्या जुन्या व्यवस्थेचं कौतुक मला करवत नाही. तिथं कुणी काही निवडत नव्हतं. वेशीवर कोण उभा राहणार हे जन्माने ठरलेलं होतं. महार वतनाने माणसाला भाकरीच्या तुकड्यावर चोवीस तास राबवून घेतलं, म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, आणि ती वतनं कायद्याने नष्ट व्हायला 1958 साल उजाडावं लागलं. तेव्हा हक्क होता पण सुटका नव्हती. आता सुटका आहे, वाटेल तेव्हा सोडून जा, फक्त हक्काचं काही नाही.

म्हणजे कागदावर आहे. महाराष्ट्राने या बाबतीत देशाच्या बरंच आधी पाऊल टाकलं. माथाडींसाठी 1969 चा कायदा झाला होता, त्याच धर्तीवर 1981 साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा आला आणि मुंबई-ठाण्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळ उभं राहिलं. रक्षकाची नोंद मंडळाकडे, कामावर पाठवणार मंडळ, पगार मंडळातर्फे, फंड, रजा, बोनस, सगळं. ज्यांना मंडळाचा बिल्ला मिळाला त्यांच्या घरची मुलं शिकून पुढे गेलेली मी पाहिलीत. बाबांचं नाव त्या वहीत कधी गेलं नाही. त्यांना इमारतीने परस्पर ठेवलं होतं, आणि असं मंडळ आहे हेच त्यांना कळलं तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. पुढे 2005 साली केंद्राचा एजन्सींसाठीचा कायदा आला. 2006 च्या आदर्श नियमांत लिहिलं होतं की रक्षकाला निदान 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष जागेवर प्रशिक्षण द्यायचं, किमान 20 दिवसांत. मामांना विचारलं, तुमचं ट्रेनिंग किती दिवस झालं? त्यांना प्रश्नच कळला नाही. पहिल्या दिवशी सुपरवायझरने सलाम कसा ठोकायचा आणि पाण्याची मोटर कुठली ते दाखवलं होतं.

आता फोटोकडे येतो.

चार दिवसांनी कमिटीची मीटिंग झाली. एजन्सीने मामांचा एक दिवसाचा पगार आधीच कापला होता. कमिटीपुढे विषय होता, केबिनमधली खुर्ची काढून बिनपाठीचं स्टूल ठेवायचं. पाठ टेकली नाही की झोप लागत नाही, असं मांडणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं होतं. मी निघताना केबिनमधून हजेरीचं रजिस्टर मागून घेतलं होतं. ते टेबलावर उघडून ठेवलं. त्या तारखेच्या ओळीत दिवसपाळीच्या रकान्यात मामांची सही होती, सकाळी आठची. रात्रपाळीच्या रकान्यातही मामांचीच सही होती. बदली आला नव्हता, म्हणून डबल. पहिली सही नीट, शेवटच्या अक्षराला शेपटी काढलेली. दुसरी सही रकान्यातून खाली घसरलेली. म्हणजे 3 वाजून 17 मिनिटांनी मामांना गेटवर उभं राहून एकोणीस तास झाले होते.

दोन ते पाचची वेळ म्हणजे काय असते, हे बाबांनी मला एकदाच सांगितलं होतं. तेव्हा अंग थंड पडत जातं, डोळे उघडे असून दिसेनासं होतं. मग ते तोंडावर पाणी मारायचे, मागच्या आवारात फेऱ्या घालायचे, तंबाखू मळायचे आणि तरीही नाही जमलं तर दोन्ही हात गेटच्या गजांत अडकवून उभ्यानेच डोळे मिटायचे. धडपडलो तर हात ओढला जाऊन जाग येईल, म्हणून. आमच्याकडे आता रात्री दर तासाला फेरी मारून आठ ठिकाणी भिंतीवरच्या बटणाला यंत्र टेकवावं लागतं, 'टिक' वाजलं की नोंद. त्या रात्री तीन वाजेपर्यंतच्या सगळ्या फेऱ्यांची नोंद आहे. फोटो काढणाऱ्याने ती बघितली नव्हती.

मीटिंगमध्ये मला एक गोष्ट कबूल करावी लागली, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिणं बरोबर होणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः कमिटीत होतो. तीन एजन्सींची कोटेशनं आली होती. एकात आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या होत्या, बाकी दोघांत बारा-बारा तासांच्या दोन. तीन माणसं ठेवायची तर खर्च दीडपट. दर फ्लॅटमागे महिन्याला अडीचशेच्या आसपास फरक पडत होता. आम्ही दोन पाळ्यांचं कोटेशन मंजूर केलं आणि त्या ठरावाखाली माझी सही आहे. वॉचमनच्या मुलाची. सही करताना मला बाबा आठवले नव्हते.

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक काकू, ज्या ग्रुपवर बऱ्याच तावातावाने बोलल्या होत्या, त्या म्हणाल्या, "एकोणीस तास म्हणजे जेवला कधी तो?"

बाबा निवृत्त झाले त्याच वर्षी आम्ही गावी गेलो होतो. आमच्या गावाहून आरवली जवळ. तिथल्या वेतोबाला केळीचा घड देतात आणि चामड्याच्या चपला वाहतात, माणसाच्या पायाच्या मापाहून कितीतरी मोठ्या. तो रात्रभर गावाभोवती फिरून राखण करतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, अशी आमच्याकडची श्रद्धा. लहानपणी मला ती गोष्ट बाबांनीच सांगितली होती. त्या वेळी त्यांनी आपल्या पैशातून जोड करून घेतला आणि वाहिला. गुडघ्यांमुळे वाकता येत नव्हतं, म्हणून मी पुढे झालो, तर मला हाताने बाजूला केलं आणि भिंतीला धरून स्वतः वाकले. बाहेर आल्यावर पारावर बसले. बराच वेळ स्वतःच्या पायातल्या वहाणा काढून उलट्या करून बघत होते. एका टाचेला भोक पडलं होतं. "तेका तरी नवीन मिळतत," म्हणाले. मी तेव्हा हसलो होतो. ते हसत नव्हते, हे मला आता आठवतं.

मीटिंगमध्ये स्टुलाचा विषय बारगळला. मामांचा कापलेला पगार आम्ही सोसायटीतून दिला. रात्री क्लबहाउसच्या संडासाची किल्ली केबिनमध्ये ठेवायचं ठरलं, इतकी वर्षं ती का नव्हती याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. बदली आला नाही तर एजन्सीने चार तासांत माणूस पाठवायचा, असं पत्र गेलं. तीन पाळ्यांचा ठराव मी मांडला, तो वार्षिक सभेपर्यंत पुढे ढकलला गेलाय. मी घरोघर जाऊन बोलतोय. सत्तरपैकी एकोणतीस घरं तयार आहेत.

खुर्ची मात्र नवी आली. जुनीचा एक पाय चिरला होता. ही जरा रुंद, पाठ उंच, हातांना टेकू असलेली.

काल रात्री साडेअकराला परतलो तेव्हा पाऊस होता. खुर्चीवर मामांचा डबा ठेवलेला होता, पाठीवर ओला रेनकोट टाकलेला, आणि मामा गेटचा गज धरून उभे.

"बसा की मामा," मी म्हटलं.

"बसतो की साहेब," मामा म्हणाले. "एवढ्या दोन-चार गाड्या आत येऊ द्या."